निखाऱ्याचे हात

त्या इस्त्रीवाल्याला गल्लीत सगळे पाठीमागे निखारा म्हणत. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती. कॉलर दुमडली अशी तक्रार कोणी केली, की तो शर्ट उचलून त्याच्याच अंगावर फेकायचा. बायकोला तर त्याने चाळीस वर्षांत इस्त्रीला हात लावू दिला नाही. "गरम किती ते तुला कळत नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य. स्वतः मात्र तापल्या इस्त्रीला तळहात टेकवून जोखायचा, रेशमाला चालेल की सुतीला.

मग साखरेने त्याचे पाय धरले. तळव्यांची दिवसभर आग व्हायची, सुया टोचायच्या, आणि पायाच्या बोटांना चिमटा काढला तरी पत्ता लागायचा नाही. गोळ्या चालूच होत्या. वर छातीत धडधड. उभं राहता आलं नाही तर इस्त्रीचं टेबल सुटणार, आणि टेबल सुटलं की आपण घरातली अडगळ. ही भीती त्याने कोणाला सांगितली नाही, नुसता दुप्पट खेकसू लागला.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी गोळ्यांच्या जोडीला उपाय सांगितले. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. जेवणानंतर थोडं चालायचं. पाय कोमट पाण्याने धुऊन, पुसून, तेलाने हलके चोळायचे.

"म्हणजे तुमच्याकडची औषधं संपली. आता फुंकर मारायला शिकवताय," तो म्हणाला.

"मारा की, फुकट आहे." बाईंनी कागदावरून मान उचलली नाही. "पाण्यात आधी हात घालून बघा. पायांवर भरवसा ठेवू नका."

तो काय काम करतो हे त्यांनी विचारलं नाही. आणि हा कशाला आपणहून सांगतोय!

घरी त्याने बायकोला न्हाणीघरातून बाहेर काढलं आणि घमेल्यातल्या पाण्यात हात बुडवला. हात म्हणाला, कोमट. त्याने दोन्ही पाय आत सोडले आणि डोळे मिटून श्वास मोजत बसला. बरं वाटतंय, असं त्याने मनातल्या मनात कबूलसुद्धा केलं. पाय बाहेर काढले तेव्हा कातडी लालबुंद होती आणि अंगठ्यावर लिंबाएवढा फोड.

डॉक्टर म्हणाले, जखम चिघळली तर अंगठा काढावा लागेल.

तो तसाच लंगडत नर्सबाईंपुढे उभा राहिला. "हात घाला म्हणालात. घातला."

बाईंनी त्याचा पंजा खेचून टेबलावर उताणा केला. "डोळे मिटा. टोचलं की सांगा."

तो थांबला. बराच वेळ थांबला. "अहो, टोचा तरी."

"चार वेळा टोचलं."

त्याने डोळे उघडले. बाईंच्या हातात नायलॉनच्या जाड, ताठ दोऱ्याचा तुकडा होता आणि त्याचा तळहात जुन्या चामड्यासारखा पडला होता.

"काय काम करता?"

"इस्त्री."

"आधी सांगायला काय झालं होतं?"

"तुम्हाला विचारायला काय झालं होतं?"

चूक दोघांची होती. माफी एकानेही मागितली नाही, आणि खरं सांगायचं तर दोघांचाही मला रागच येतो.

पट्टी बदलायला तो रोज जाई. बाई पायाला हात लावत आणि थेट पोटरीपर्यंत आग उठे. ओरडून त्यांना जिंकू द्यायचं नव्हतं, म्हणून तो दात आवळून मोजायचा. चार आत, सहा बाहेर. आठवड्याने आग खरोखर कमी झाली, धडधडही. बाईंच्या ते लक्षात आलं. त्याच्याही आलं. बाई पट्टी गुंडाळत राहिल्या, तो मोजत राहिला.

महिन्याने जखम भरली, अंगठा वाचला. पाय धुवायची परवानगी मिळाली, पण बाईंनी ताकीद दिली होती, पाणी दुसऱ्या कोणी बघायचं.

बायकोने घमेलं आणून ठेवलं, पदर खोचला आणि पाण्यात कोपर बुडवलं. तो स्टुलावर पाय वर धरून बसला होता. तिने घाई केली नाही.

"घालू?" त्याने विचारलं.

सवयीने त्याचा हात पाण्याकडे गेला. तिने तो मनगटाला धरून बाजूला सारला.

"गरम किती ते तुम्हाला कळत नाही," ती म्हणाली.

तो पाय तसेच अधांतरी धरून, ती सांगेपर्यंत बसून राहिला.