चार मिनिटांचा केक

अक्षर किरटं आहे, ऱ्हस्व-दीर्घ चुकतील, तेवढं माफ करा. चौथीनंतर हात लिहायला लागलाच नाही. पण हे तोंडाने सांगायचं धाडस नाही. नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही, बाकी कोणाला सांगणार?

मुलगी पुण्याला नोकरीला लागली आणि तिने घरी मायक्रोवेव्ह पाठवला. सुट्टीत आली तेव्हा केक शिकवून गेली. बिस्किटांचा चुरा, दूध, साखर, चिमूटभर खायचा सोडा. काचेच्या भांड्यात घालायचं आणि चार मिनिटं लावायची. एवढंच. मला समजावं म्हणून तिने चार मिनिटांच्या, ओळीतल्या चौथ्या बटणावर नेलपॉलिशचा ठिपका दिला.

सासूबाईंच्या तोंडात एकही दात नव्हता. तो मऊ केक त्यांना फार आवडला. रोज दुपारी चहाबरोबर मागायच्या आणि मी करायची. मग एकदा शेजारणी बसल्या होत्या, तेव्हा म्हणाल्या, "आमची ही चौथी शिकलली. चौथ्या बटणाच्या फुडे हिची मजल जाणा नाय!" सगळ्या हसल्या. मीही हसले—मला उलट बोलता कधी आलंय?

दुसऱ्या दिवशी सांगितलं, मशीन बिघडलं. वायर काढली, वर फडका टाकला.

एक दिवसाचा राग असता तर—पण मी पाच महिने तेच सांगत राहिले. त्या रोज विचारायच्या, "गो, मशीन बरा झाला काय?" टोमणा तर त्या कधीच विसरल्या होत्या. एकदा पदराची गाठ सोडून त्यांनी पेन्शनमधले पाचशे रुपये दिले. म्हणाल्या, "कणकवलीक धाड, दुरुस्त करून हाड." मी घेतले. त्या पैशांच्या चपला आणल्या. त्याच घालून त्यांच्यासमोरून जायचे—कशी जात होते मी?

शिमग्याच्या आधी त्या गेल्या.

दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवेना. वडे ठेवले, खीर ठेवली, तरी नाही. नवऱ्याने नदीवरून फोन केला, "आवशीचो जीव कशात ऱ्हवलो गो? तुका म्हायत असतला." मला माहीत होतं. चार मिनिटं लागली असती. पण घर पाहुण्यांनी भरलेलं, मुलगीही आलेली. मशीन लावलं असतं तर ते चालतंय हे सगळ्यांना दिसलं असतं. मी म्हटलं, "माका काय म्हायत नाय."

शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. माणसं घरी आली. मी पानं वाढली.

त्यांना आता कुठे नेऊन देऊ मी केक?

यंदा काजू सोलायला गेले आणि पाचशे जमवले. इन्सुलीची नणंद, सासूबाईंची मुलगी, आली होती. तिच्या हातात ठेवले.

"वैनी, कसले गो हे?"

"आयेन माज्याकडे ठेवूक दिलले."

पुन्हा खोटंच. तिने नोटा डोळ्यांना लावल्या, रडली, आणि पर्समध्ये ठेवल्या. पैसे तेवढे पुरे फिटले.