काकूंच्या रंगवलेल्या साड्या

वडवणीत आमच्या भिंतीला भिंत लागून एक काकू एकट्याच राहतात. त्यांच्या मुलीने लग्नाआधी स्वतःच्या हाताने रंगवलेल्या काही साड्या त्यांच्या कपाटात आहेत. मुलगी आता परदेशात असते. थंडी सरली की काकू त्या साड्या बाहेर काढतात आणि मला हाक मारतात, "ये माय, जरा दुसरं टोक धर."

मग आम्ही दोघी सावलीत साडी उलगडतो. उन्हाने रंग उडतो आणि साडी एकाच घडीत राहिली तर तो तडकतो, म्हणून काकू दरवेळी घडी बदलतात. साडीवर रंगवलेल्या मोरांवर, कमळांवर त्या बोटसुद्धा टेकवत नाहीत. नेसत तर कधीच नाहीत. मी एकदा कारण विचारलं.

"नेसली की धुवावी लागती," त्या म्हणाल्या. "धुऊन धुऊन रंग गेला, तर मग तिचं काय राहतंय माझ्यापाशी?"

यंदा दिवाळीलाही मुलीचं येणं रद्द झालं. त्यानंतरच्या आठवडी बाजारात काकू मला भाजीवालीपाशी दिसल्या. अंगावर मोरांची साडी होती, आणि धूळ लागू नये म्हणून पदर त्यांनी छातीशी धरला होता.

"लई भारी साडी हाय की," भाजीवाली म्हणाली. "कुठं घेतली?"

"लेकीनं रंगवलीय. कालच आलती ती. नेसच म्हणली."

मी मागेच उभी होते. काकूंनी वळून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

मी भाजीवालीला म्हणाले, "व्हय, लई दिवसांनी आलती."