गॅलरीतून दाखवलेली सुई

चूक माझी होती, आणि ती एका दिवसाची नव्हती. दोन-अडीच वर्षं, आठवड्यातून एकदा-दोनदा तरी, मी ती करत होतो. लोक हसत होते म्हणून मीही हसत होतो.

मी दातांचा डॉक्टर आहे. पलूसला पहिल्या मजल्यावर माझा दवाखाना आहे आणि खाली पिठाची गिरणी. गिरणी एक बाई चालवते. तिचा नवरा सैन्यात, वर्षातून दोनदा सुट्टीवर येतो. त्यांना एकच मुलगी. ती चार-साडेचार वर्षांची असल्यापासून तिचं दुपारचं जेवण गिरणीतच व्हायचं, दळणाला आलेल्या बायकांसमोर. घास गालात धरून ती बसून राहायची. मग आई गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून वर बघत हाक मारायची.

"आवं डॉक्टर, सुई घिऊन जरा भाईर या वं! ही पोरगी भाकरी गिळंना झालीया!"

मी हातातलं काम सोडून गॅलरीत यायचो. आमची इंजेक्शनची सिरिंज स्टीलची असते. मागे अंगठा घालायला कडी, पुढे लांब बारीक सुई. ती मी कठड्यावरून पुढे धरायचो, दट्ट्या दाबून एक धार उडवायचो आणि विचारायचो, "कोण जेवत नाही? येऊ का खाली?"

मुलगी डोळे मिटून घास गिळायची. बायका हसायच्या. एकदा एक म्हातारी म्हणाली, "आवं, आमच्या मालकास्नी बी एक टोचा. तेवढंच घरात गप ऱ्हातील." त्यावर सगळी गिरणी हसली. मी पुन्हा आत येऊन पेशंट बघायला लागायचो. हा शेजारधर्म आहे, असं मला वाटायचं. गावात आपल्याला लोक आपलं मानतात, हक्कानं हाक मारतात, याचं बरंही वाटायचं. हळूहळू रस्त्यावरच्या इतर आयासुद्धा पोरांना माझ्या पाटीकडे बोट दाखवून धाक घालायला लागल्या. मी कुणाला नको म्हटलं नाही.

मुलगी सात वर्षांची झाली त्या थंडीत तिच्या गळ्यात एक लाल मफलर दिसायला लागला. शाळेत जाताना, येताना, गिरणीत बसतानाही. तो ती डाव्या गालावरून घट्ट गुंडाळायची. मला तो रोज दिसत होता. थंडी आहे, पीठ उडतं, म्हणून बांधत असेल, एवढाच विचार मी केला. त्याहून जास्त केला नाही. तिच्या डोक्यावर बरोबर माझी खुर्ची होती. मधे अठरा पायऱ्या.

पुढे कळलं ते असं. डावीकडची खालची दुधाची दाढ किडून आत पोचली होती. दीड महिना तरी ती दुखत असणार. तिनं कुणाला सांगितलं नाही. भाकरी दुधात कुस्करून उजव्या बाजूनं खायची. आईला वाटलं, आता शहाणी झाली, मुकाट्यानं जेवते. आईनं हे मला कौतुकानं सांगितलंही होतं. "डॉक्टर, आता तुमच्या सुईची गरज न्हाई बगा. लय गुणाची झालीया."

मग एका सकाळी आई तिला कडेवर घेऊन जिना चढून वर आली. मफलर सुटला होता. गाल जबड्याखालपर्यंत सुजून टणक झाला होता आणि अंगात ताप. दवाखान्याचं काचेचं दार दिसताच त्या मुलीनं आईच्या खांद्याला चावा घेतला. आणि ओरडायला लागली, "मी जेवते! मी समदं जेवते! मी जेवते!"

मी नेहमी जे करतो तेच केलं. मदतनीस बाईला म्हटलं, पाय धरा. आईला म्हटलं, हात धरा. मुलीला म्हटलं, काही करत नाही, फक्त बघतो. माझ्या मागच्या ट्रेमध्ये चिमटे आणि सिरिंज मांडलेली होती आणि ती तिला दिसत होती. तिनं दात आवळले. तिघांनी मिळून ओठ बाजूला केला तेव्हा मला दाढ दिसली. मी सूज चाचपली, चिठ्ठी लिहिली आणि म्हणालो, लगेच सांगलीला न्या, ॲडमिट करावं लागेल. त्या क्षणी मला काही वाटलं होतं का, हे मी आठवून पाहिलं आहे. नव्हतं. ती काय ओरडत होती, ते कानांवर पडत होतं, पण त्याचा अर्थ लावायला मी थांबलो नाही. पुढचा पेशंट बसला होता.

तीन दिवस तिला सलाईन होतं. तापात ती ग्लानीत होती, म्हणून त्या सुया लावता आल्या. सूज उतरली, पण दाढ तशीच होती. ती काढली नाही तर पू पुन्हा भरणार होता. हॉस्पिटलवाल्यांनी सांगलीतल्याच एका लहान मुलांच्या दंतवैद्य बाईंकडे पाठवलं. माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी लहान. दोनदा आई तिला एसटीनं घेऊन गेली आणि दोनदा परत आली. मुलीनं तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या खेपेनंतर मी खाली गिरणीत गेलो. आई पट्टा बसवत होती. हात न थांबवता म्हणाली, "मालकांचा फोन आलता. म्हणलं, डोक्यावर दाताचा डॉक्टर असून पोरीच्या तोंडात पू कसा झाला?"

"मग?"

"सांगितलं, पोरगी हट्टी हाय. सांगत न्हाई, दावत न्हाई." मग तिनं माझ्याकडे बघितलं. "दुसरं काय सांगायचं वं? आपुन दोघं हसत हुतो म्हनून?"

मी वर आलो आणि सांगलीच्या डॉक्टरबाईंना फोन केला. सगळं सांगितलं नाही. मुलगी घाबरट आहे का, एवढंच विचारलं.

"सर, दुखण्याला ती फारशी घाबरत नाही," त्या म्हणाल्या. "दीड महिना तिनं ते दुखणं काढलंय. तिनं मला काय विचारलं माहीत आहे? 'आता मी काय केलं?' तिला वाटतं, सुई ही शिक्षा असते. गिरणीच्या वर कुणी डॉक्टर आहेत, ते वाईट मुलांना देतात म्हणे."

मग त्यांनीच विचारलं.

"तुम्हीच का, सर?"

"हो."

"गुरुवारी तिला तुम्ही घेऊन या. या वेळी नाही जमलं तर पूर्ण भूल देऊन काढावी लागेल. आत्ताच एवढा ताप येऊन गेलाय, मला ते टाळायचंय."

दाढ निघाली, हे इथेच सांगून टाकतो, कारण त्याचं श्रेय मला नको आहे. त्या गुरुवारी डॉक्टरबाईंनी पाऊण तास घेतला. मी दारातून बघत होतो. मुलगी आईच्या मांडीवर होती. कुणी हात-पाय धरले नव्हते. हिरडीला आधी बधिर करणारी जेल लावली आणि दोन-तीन मिनिटं खरोखर थांबल्या. भुलीच्या औषधाची नळी तेवढा वेळ मुठीत धरून कोमट केली, कारण गार औषध जास्त झोंबतं. 'दुखणार नाही' असं एकदाही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "आता टोचल्यासारखं वाटेल, मी पाच म्हणेपर्यंत. मग ते कमी होतं." दुसऱ्या हाताच्या चिमटीत गाल धरून तो हलवत राहिल्या आणि औषध थेंबाथेंबानं सोडलं. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं, आवाज आला नाही. मग पुन्हा दहा मिनिटं थांबल्या.

यातलं एकही मला नवीन नव्हतं. मला कॉलेजात शिकवलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. पंचवीस वर्षांत वेळ नाही म्हणून, बाहेर रांग आहे म्हणून, पोरं रडतातच म्हणून, मी ते केलं नाही. किती पोरांचे पाय मी धरायला लावले असतील, त्याचा अंदाज मला नाही. आता करतो. जेल लावून घड्याळाकडे बघतो. कुणी खालून सुई दाखवायची हाक मारली तर नाही म्हणतो, त्यांना राग येतो. याचं मला समाधान वाटतं असंही नाही. ते आधीच करायचं होतं.

पण त्या पाऊण तासाच्या आधीचं सांगायचं राहिलं.

पलूसहून मी माझ्या गाडीनं दोघींना घेऊन निघालो होतो. मुलगी मागच्या सीटवर आईला चिकटून बसली होती, मफलर नाकापर्यंत ओढून. आरशात तिचे डोळे दिसायचे आणि मी बघतोय हे कळलं की ते खिडकीकडे वळायचे. रस्त्यात मी एकदा म्हणालो, "घाबरायचं नाही हं." ते माझं मलाच खोटं वाटलं. उसाच्या दोन ट्रॅक्टरांमागे बराच वेळ अडकलो, तेव्हा बोलता आलं असतं. बोललो नाही.

दवाखान्यात बाहेरच्या बाकावर आणखी चार-पाच जण होते. आई कागद द्यायला खिडकीशी गेली. मुलगी बाकाच्या टोकाला सरकली. मी उभा होतो, आणि उभा असलेला मी तिला गॅलरीतल्यासारखाच दिसत असणार, हे लक्षात आलं. मी खाली फरशीवर बसलो. पॅन्ट घट्ट झाली, गुडघा कटकन वाजला. तिनं बघितलं. मी दोन्ही हात उघडे करून मांडीवर ठेवले.

"मला तुला एक सांगायचंय," मी म्हणालो. "मी गॅलरीतून सुई दाखवायचो ना, ते खोटं होतं. जेवलं नाही म्हणून कुणालाच सुई देत नाहीत. कधीच देत नाहीत. सुई दात दुखू नये म्हणून असते. मला हे माहीत होतं, तरी मी तुला भिववलं, लोक हसायचे म्हणून."

बाकावरचे लोक ऐकत होते.

"तुझी दाढ दुखायला लागली तेव्हा तू वर येऊन मला सांगायला हवं होतंस. तू आली नाहीस, कारण मीच तसा वागलो होतो. आणि त्या दिवशी आम्ही तुला धरलं, तेही चुकलं. तू काही केलं नव्हतंस."

मफलराच्या आतून पहिल्यांदा आवाज आला. "मी हट्टी न्हाई."

"नाहीस."

"मग आईला सांगा."

आई खिडकीपासून परत येत होती, हातात केसपेपर. मी फरशीवर बसलेला पाहून ती थबकली. "आवं डॉक्टर, खाली कशाला बसलाय?"

मला सगळ्यांसमोर बोलायचं जड गेलं. तरी बोललो. "ताई, ही हट्टी नाही. हिची काहीच चूक नाही. सगळं माझ्यामुळं झालं." मग मुलीकडे वळून म्हणालो, "माझं चुकलं, बाळा. मला माफ कर. आणि नाही केलंस तरी चालेल."