कानासकट बिल्ला

विमा हा शब्द आमच्या घरात गाईच्या पाठोपाठ आला. लहान शेतकऱ्यांच्या योजनेतून आईच्या नावावर संकरित गाय मिळाली, आणि तिचा विमाही उतरवला गेला. सोनईच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गाईच्या कानात नंबराचा पितळी बिल्ला ठोकला. सोबत विम्याचे साहेब आले होते. ते आईला म्हणाले, "बाई, हा बिल्ला जपा. गाय दगावली तरी दुसरी आलीच म्हणून समजा."

आईनं ते शब्दशः मनावर घेतलं. गाय आल्यापासून तिचं दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला जाणं सुटलं होतं, आणि त्या सुखाची तिला अजून सवय व्हायची होती.

उन्हाळ्यात गाईचा कान चिघळला. बिल्ल्याच्या भोकात अळ्या झाल्या. गाय सारखी मान झटकायची, वैरणीला तोंड लावायची नाही. आईनं वडिलांना पकड आणायला लावली, बिल्ला उचकटून काढला आणि जखमेत हळद दाबली. कान आठवड्याभरात सुकला. पण साहेबांनी जपायला सांगितलेलं, म्हणून तिनं बिल्ला सुतळीत ओवून गाईच्या गळ्यात घंटीशेजारी बांधला. रोज धार काढून झाली की पदरानं तो पुसायची. विमा कंपनीची वस्तू इतक्या मायेनं कुणी सांभाळली असेल असं मला वाटत नाही.

बहात्तर साल ते. पाऊस नाही, चारा नाही. काहीतरी भलतंच खाण्यात आलं आणि गाय पोट फुगून मेली. डॉक्टर येऊन बघून गेले. त्यांनी दाखला दिला, आणि माणूस सरळ असल्यामुळे त्यात बिल्ला कानात नसून गळ्यात होता हेही लिहिलं. सरपंचांनी पंचनामा केला. आईनं गळ्यातला बिल्ला सोडवून घेतला, गाईला हळदकुंकू लावलं, अंगावर खण घातला आणि बांधालगत तिला पुरलं.

मग आम्ही तिघं एसटीनं नगरला गेलो. मी तेव्हा अकरावीला होते. कचेरीत तेच साहेब होते. आईनं घासूनपुसून आणलेला बिल्ला त्यांच्या टेबलावर ठेवला.

"कान कुठाय?" साहेबांनी विचारलं.

आईला कळेना. "कुनाचा?"

"गाईचा. कान कापून बिल्ल्यासकट आणायचा असतो. नुसता बिल्ला कुठल्याही गाईचा असू शकतो."

"कानात अळ्या पडल्या हुत्या, सायेब. म्हनून गळ्यात बांधला. तुमीच म्हनला हुता ना, जपा म्हनून?"

"जपा म्हणजे कानात जपा! काढायचा होता तर आधी आम्हाला कळवायचं होतं. सगळं कागदावर आहे." त्यांनी कागद उलटा करून दाखवला. पाठीमागे मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत खरोखरच सगळं होतं.

वडील हलक्या आवाजात म्हणाले, "खड्डा उकरून कान आनला तर चालंल का?"

आई त्यांच्याकडे वळून बघतच राहिली.

"आता कशाला? बिल्ला तर आधीच निघालाय," साहेब म्हणाले, आणि त्यांनी चहा मागवला. स्वतःपुरता.

विम्याचा दावा कसा चालतो ते मला त्या टेबलासमोर समजलं. गाय मेली हे डॉक्टरांना मान्य होतं, सरपंचांना होतं, साहेबांनासुद्धा होतं. फक्त ती आमची होती हे सांगायला कान लागत होता. आणि हे गाय जिवंत असताना सांगायला कुणाला फुरसत नव्हती. त्या माणसाचा मला तेव्हा संताप आला, अजूनही येतो.

दावा नामंजूर झाला. घोडेगावच्या बाजारातून दुसरी गाय आणायचं बोलणं घरात पुन्हा निघालं नाही. पुढच्याच आठवड्यात आई दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. पहिल्या दिवशी मीही तिच्याबरोबर होते. मुकादम एकेका बाईला नंबर घातलेला पत्र्याचा बिल्ला वाटत होता. हरवू नका, बिल्ला नाही तर मजुरी नाही, असं ओरडून सांगत होता. आईनं आपला बिल्ला हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि त्याला विचारलं,

"गळ्यात बांधला तर चालंल का दादा, का कानातच ठोकून घ्यावा लागंल?"