बांगडीवालीने दिलेली खबर

खून, दरोडे, दंगलीचे बंदोबस्त, सगळं नोकरीत पाहून झालं. त्यातलं बरंचसं आता आठवतही नाही. शुक्रवार पेठेतल्या एका मुक्या सुनेचं प्रकरण मात्र निवृत्त झालो तरी माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. त्यात पाठलाग नव्हता, हत्यार नव्हतं. चार भिंतींच्या आत रोजचा मार चालला होता आणि तो आमच्यापर्यंत आणला एका बांगडीवालीने.

मी तेव्हा पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. बाहेर ठाणे अंमलदाराच्या टेबलापुढे बांगड्यांची पेटी खाली ठेवून एक साठीची मुसलमान बाई उभी होती. पेठेत घरोघर जाऊन ती बांगड्या भरायची. सगळे तिला चाची म्हणत.

"मार खाणारी तुमची कोण लागते?" अंमलदार विचारत होता.

"कोन नाय."

"मग तक्रार तुमची कशी? तिला येऊ द्या."

"ती येनार कशी? आन आली तर बोलनार कशी? मुकी हाय ती, भैरी हाय!" चाचीचा आवाज चढला.

कायद्याने अशी खबर कोणीही देऊ शकतं. आमच्याच लोकांना ते माहीत नसतं, किंवा काम वाढू नये म्हणून ते विसरतात. मी चाचीला आत बोलावलं, चहा मागवला.

"साब, बांगड्या कवा भरतेत?" ती म्हणाली. "सण आला, लग्न निघालं, तवा. त्या घरात सण न्हाय, लग्न न्हाय, तरी मला सारखं बोलवनं येतंय. दर टायमाला डावाच हात."

आपल्याकडे सवाष्णीची बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. आणि वाढली की हात मोकळा ठेवत नाहीत. या घराने बाकी सगळं झाकलं होतं. सुनेला बाहेर सोडत नव्हते, शेजाऱ्यांना दारात उभं करत नव्हते. पण तिच्या हातात काच हवीच, म्हणून परक्या बाईला स्वतःच्या पायाने जाऊन बोलावून आणत होते.

"काल हात सुजून हा एवढा झालता," चाची सांगत होती. "म्या बोलली, चार रोज थांबू. सासू बोलली, आमच्यात मोकळा हात चालत न्हाय, भरा. साबन लावून भरल्या साब. पोरगी मुकी हाय, पन तिच्या गळ्यातनं जो आवाज निघाला, वो मेरे कान से जाता नै." तिने पदराने डोळे पुसले. "आता तिला वळसंगच्या शेतात नेऊन ठेवनार म्हने. तितं मी जात न्हाय. मंग तिला कोन बघनार?"

शेतातल्या घरात ती एकदा गेली, की तिच्याकडे बाहेरचं एकही माणूस फिरकणार नव्हतं.

अशा प्रकरणांचा आमच्याकडे एक मळलेला रस्ता असतो. नवरा-बायकोला बोलवायचं, नवऱ्याला समज द्यायची, 'माझी काहीएक तक्रार नाही' असा जबाब घ्यायचा आणि जोडीने घरी पाठवायचं. धडधाकट बोलणारी बाईसुद्धा त्या रस्त्याने परत मारातच जाते. म्हणून मी आधी दोन फोन केले. एक जिल्ह्याच्या संरक्षण अधिकारी मॅडमना. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात अशा बाईची सोय लावणं हे त्यांचं काम. दुसरा मूकबधिर शाळेतल्या एका शिक्षिकेला. त्यानंतर आमच्या महिला हवालदार त्या घरी गेल्या आणि नवरा, सासू, सून अशा तिघांना ठाण्यात घेऊन आल्या.

नवरा इस्त्रीचा शर्ट घालून, हात जोडून उभा. "मोरीत पाय घसरला साहेब. ऐकू येत नाही तिला, धांदरट आहे." मी म्हटलं, तिलाच विचारू. त्याने तिच्याकडे बघून हाताने काहीतरी खूण केली. तिने मान डोलावली. "बघा, पडले म्हणते."

ती मान डोलावताना त्याच्याकडे बघतच नव्हती. तिची नजर सासूवर होती.

"शाळेच्या बाई येताहेत," मी म्हणालो. "त्या विचारतील."

सासू पुढे झाली. "कशाला ओ सायेब? तिला दुसऱ्याचं कायबी कळत न्हाय. आमचंच कळतंय फकस्त."

मी तिघांना वेगळं बसवलं. सासूची चौकशी मी स्वतः केली. आता लोकांना वाटतं, चौकशी म्हणजे दरडावणं. माझा अनुभव वेगळा आहे. माणूस भीतीने जेवढं लपवतो, तेवढं मोठेपणा सांगताना ओकून टाकतो. मी मारहाणीचा विषयच काढला नाही. म्हटलं, "मावशी, पेठेत लोक म्हणतात, तुम्ही सुनेला नीट वागवत नाही."

बाई उसळली. "कोन म्हनतंय? पुढं आना की! आवो, मुकी पोरगी पदरात घेतली आमी. तिचा हात एक दिस बी मोकळा ऱ्हाऊ देत न्हाय. वाढल्या की त्याच दिवशी बांगडीवालीला बोलवून आनते, मी सोता जाते! इचारा की तिला!"

"शेवटच्या कधी भरल्या?"

"परवा भरल्या. काल पुन्ना भरल्या. त्याच्या आदल्या आठवड्यात..."

"मोरीत रोजच पडते का ती?"

ज्या बांगडीवालीचं नाव मी कटाक्षाने घेतलं नव्हतं, तिला सासूनेच साक्षीदार करून टाकलं होतं. पुढचं बाहेर यायला वेळ लागला नाही. लेक हात टाकतो, 'पन तिला सांगितलेलं कळतच न्हाय तर दुसरं काय करनार', हेही तिने मलाच विचारलं. तिचं ते वाक्य मी जसंच्या तसं लिहून घेतलं.

दरम्यान संरक्षण अधिकारी मॅडम आल्या होत्या, शिक्षिकाही येऊन पोचल्या होत्या. त्यांनी सुनेला पाहताक्षणी ओळखलं, ती त्यांचीच विद्यार्थिनी निघाली. शाळेतल्या जुन्या मुलामुलींच्या व्हिडिओ कॉलवर ती पूर्वी रोज खुणांनी बोलताना दिसायची, अचानक बंद झाली. नवऱ्याने तिचा मोबाईल आपटून फोडला होता, हे नंतर कळलं. ऐकू येणाऱ्या माणसाचा मोबाईल गेला तर त्याची गैरसोय होते, हिचं बोलणंच बंद झालं. आईवडील नव्हते. मोडनिंबचा भाऊ लग्न लावून दिल्यापासून फिरकला नव्हता.

सुनेला बसवलं होतं त्या खोलीत मी गेलो. आता ती भडाभडा सांगेल, अशी माझी समजूत होती. तिने फक्त एक प्रश्न विचारला. शिक्षिकेने तो मला सांगितला, "ती विचारते आहे, आज मला परत घरी पाठवणार का? पाठवणार असाल तर ती काही सांगणार नाही. पडले, असंच लिहून घ्या म्हणते."

पोलीस आरोपीला कोठडी देऊ शकतो, बाईला छप्पर देऊ शकत नाही. मी संरक्षण अधिकारी मॅडमकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "महिला आधारगृहात मी जागा सांगून ठेवली आहे. आजपासून. माझ्याच गाडीतून नेते." शिक्षिकेने ते तिला खुणांनी सांगितलं, तिने पुन्हा विचारलं, शिक्षिकेने पुन्हा सांगितलं. मग तिने दोन्ही हात टेबलावरून उचलले आणि बोलायला लागली. ते हात किती वेगाने चालत होते! शिक्षिकेला मधूनमधून तिला थांबवावं लागत होतं. आमच्या हवालदार बाई लिहिता लिहिता रडत होत्या.

सरकारी दवाखान्यातल्या एक्स-रेमध्ये मनगटाजवळच्या हाडाचं जुनं, आपोआप जुळलेलं फ्रॅक्चर दिसलं. मार अडवायला ती डावा हात वर धरायची. न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर दुभाषी म्हणून शिक्षिका उभ्या राहिल्या, जबाबाचं चित्रीकरण झालं. नवऱ्याला अटक झाली, सासूवरही गुन्हा दाखल झाला. वळसंगचं शेत राहिलं बाजूला. सून आता कपडे शिवण्याच्या कारखान्यात काम करते, दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. खटला चालू आहे. आपल्याकडे तो चालूच असतो.

राहिली चाची. तिचा जबाब हवाच होता. मी तिला स्पष्ट सांगितलं, सही केलीस की गल्लीला कळणार. ती म्हणाली, "सारी गल्ली माझं गिऱ्हाईक हाय साब." मग पेटी बाजूला सरकवून तिने सही केली. गल्लीने तिला बोलावणं बंद केलं. घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणली म्हणून बायकासुद्धा तोंड फिरवू लागल्या. मला त्या गल्लीचा संताप आला, आजही येतो.

या प्रकरणाने माझी कामाची रीतच बदलली. पुढे जिथे जिथे बदली झाली, तिथे मी माझ्या लोकांना बजावायचो, बाईला 'काय झालं' हे विचारण्याआधी ती आज कुठे झोपणार ते नक्की करा. ते एकट्या पोलिसाच्या हातात नाही. त्यासाठी शिक्षिका लागते, डॉक्टर लागतो, संरक्षण अधिकारी लागते, आणि नुकसान सोसून खबर देणारं कोणीतरी लागतं.

गेल्या महिन्यात मंडईच्या रस्त्यावर चाची भेटली. आता ती फिरत नाही, तिथेच पेटी मांडून बसते. मी विचारलं, त्या गल्लीतलं कोणी येतं का?

"यायला लागलेत," ती म्हणाली. "परवाच एक आली, नव्या लग्नाची. डावा हात पुढं केला. म्या इचारलं, कंच्या दाखवू? हिरव्या का लाल? तर पोरगी बोलली, बांगड्या नको चाची. हात बघा."