निळ्या ड्रममधले जिवाणू

लग्न होऊन करकंबला आले तेव्हा डाळिंबाचं झाड मला फळं लागल्यावरच ओळखू यायचं. शुक्रवार पेठेत वाढलेल्या मुलीकडून आणखी काय अपेक्षा करणार! तरी सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, जिवाणूंचं काम माझ्यावर सोपवलं.

बागेतलं एक झाड मर रोगानं वाळलं होतं. या रोगाची बुरशी मातीतून शेजारच्या झाडांच्या मुळांत शिरते. भोवतीची चार झाडं वाचवायची तर त्यांच्या मुळाशी चांगले जिवाणू सोडायचे. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून आपण जागा धरतो, तसे ते मुळांवर आधी बसतात आणि बुरशीला टेकू देत नाहीत. तिला मारणारी द्रव्यंही सोडतात. उशीर मात्र चालत नाही.

मी ताकात गूळ कालवला, जिवाणूंचा पुडा फोडला आणि रिकामा दिसला त्या ड्रममध्ये सगळं रात्रभर मुरत ठेवलं. सकाळी चारही झाडांना घातलं. मग ड्रम धुताना बोटं निळी झाली. हा फवारणीसाठी मोरचूद आणि चुना कालवायचा ड्रम! निळ्या प्लॅस्टिकवरचा मोरचुदाचा निळा थर मला दिसलाच नव्हता. मोरचूद बुरशीला मारतं, तसं जिवाणूंनाही. झाडांना मी मेलेले जिवाणू पाजले होते.

लगेच सांगायला हवं होतं. पण मामांचा आवाज चढला की मी स्वयंपाकघरात पळायचे. तीन दिवस मी गुपचूप जाऊन पानं बघून येत होते. चौथ्या दिवशी जेवताना मामांनी सहज विचारलं, "कशी हायती गं झाडं?" आणि मी रडत सगळं सांगून टाकलं.

मामा अर्धी भाकरी टाकून उठले. नव्या बादलीत पुन्हा जिवाणू भिजवले, दुसऱ्या दिवशी स्वतः मुळाशी ओतले.

तीन झाडं टिकली. चौथ्याची आधी एक फांदी पिवळी पडली, मग सगळं झाड गेलं. ते उपटून जाळताना आता मामा ओरडणार म्हणून मी अंग चोरून उभी होते. त्यांनी काठीनं जाळ सारखा केला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तीन दिस गप बसलीस. माजं एवढं भ्या वाटतं व्हय गं तुला?"

हो म्हणायचीसुद्धा मला भीती वाटली.