केर्न्सच्या बावीस सूचना

देवळीच्या बाजाररस्त्यावर रुख्मिणीबाई उमाट्यांची चक्की होती. नवरा काविळीने गेला त्या वर्षी, म्हणजे एक्याण्णव साली, दिरांनी चक्की विकायची भाषा काढली. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी बाईने कासोटा घट्ट मारला, मोटर चालू केली आणि दारात उभ्या असलेल्या थोरल्या दिराला विचारलं, "भाऊजी, दळन आनलं का? नसन आनलं तं बाजूले सरा, मांगं लाइन हाये."

तेव्हापासून ती चक्की तिची. दगडाला टाकी लावायची तीच, पट्टा तुटला तर शिवायची तीच. चौदा वर्षं त्या घरघराटात ओरडून बोलायची सवय झाल्यामुळे तिचा साधा आवाजही चार घरं ऐकू जाई. राग नाकावर. कुणी ज्वारीच्या पायलीत माती घालून आणली तर त्याचा आजासुद्धा उद्धारला जाई. पण पिठात मापटंभर घट कधी कुणी काढली नाही. एकुलती एक लेक, सपना, या चक्कीवर वर्ध्याच्या कॉलेजात शिकली आणि सिंदी रेल्वे या गावच्या व्यापाऱ्याच्या धर्मेंद्र नावाच्या मुलाला दिली. तो हॉटेलचा कोर्स करून ऑस्ट्रेलियात गेलेला. समुद्रकाठच्या केर्न्स नावाच्या गावात एका हॉटेलच्या काउंटरवर त्याची नोकरी.

दोन हजार पाच सालच्या जानेवारीत जावयाच्या ई-मेलवरून दोन पानं आली. सपना सातव्या महिन्यात होती, आईने यावं, तिकीट काढलं आहे, आणि सोबत या सूचना. सायबर कॅफेवाल्याने कागद छापून दिला. इंग्रजी अक्षरांतलं मराठी रुख्मिणीबाईने दोन दिवस बोट ठेवून ठेवून वाचलं. एकूण बावीस सूचना होत्या. स्वेटर आणू नका, इथे वर्ध्यासारखंच गरम असतं आणि या दिवसांत पाऊस. खाण्याची प्रत्येक वस्तू विमानतळाच्या फॉर्मवर लिहा. बी-बियाणं, पानं, खव्याचं काही आणू नका. नळाचं पाणी पिता येतं. दुकानं पाचला बंद होतात. नोव्हेंबर ते मे समुद्रात पाय घालू नका, विषारी जेलीफिश असतात. खाडीच्या काठाला उभ्या राहू नका, मगरी असतात.

इथवर ठीक होतं. मग पंधरावी सूचना. लुगडं नेसून बसमध्ये आणि बाजारात फिरायला इथे मनाई आहे, पंजाबी ड्रेस आणा. सोळावी, बसमध्ये मोठ्याने बोलल्यास दंड होतो. सतरावी, डोक्याला तेल लावून बाहेर पडू नका, लोक तक्रार करतात. अठरावी, शेजाऱ्यांशी बोलू नका, पोलीस येतात.

"हा देश हाये का जेल?" रुख्मिणीबाई चक्कीवर कडाडली. पण लेकीचं बाळंतपण होतं. वर्ध्याला जाऊन तिने आयुष्यातला पहिला पंजाबी ड्रेस घेतला. आरशात पाहिलं आणि दुकानदारालाच शिव्या घातल्या.

केर्न्सच्या विमानतळावर तिने कागदाबरहुकूम सगळं लिहिलं. अधिकारीणबाईने डबे उघडले, जवसाची चटणी हुंगून परत दिली, सूचना मोडून सपनाला भाजीसाठी म्हणून आणलेलं अंबाडीचं बी काढून घेतलं आणि हसून थँक्यू म्हटलं. शेजारच्या रांगेत एका माणसाने सफरचंद लपवलं होतं. त्याच्याभोवती तीन जण उभे होते आणि तो घामाघूम झाला होता. रुख्मिणीबाईच्या मनात आलं, जवाईबापूनं लिहिलं ते खरं हाये बा. म्हणजे बाकीचंही खरंच असणार.

आणि म्हणून तीन आठवडे ती बाई त्या घरात कोंडून राहिली. घर खांबांवर उभं, खाली मोकळी जागा. बाहेर आंब्याची झाडं आणि संध्याकाळी वटवाघळांचे थवेच्या थवे. अंगाला घाम चिकटून बसे. ती ओढणी सावरत, कुजबुजत बोलत स्वयंपाक करी. दार उघडायची चोरी. सपना कामावरून थकून येई, जेवे, झोपे. "तुले बरं वाटते ना आई?" असं विचारी आणि उत्तर ऐकायच्या आत डोळे मिटे.

एका दुपारी जोराचा पाऊस आला. वाळत घातलेले कपडे काढायला रुख्मिणीबाई धावली. खाली शेजारचा म्हातारा तिच्या चादरी गोळा करत होता. सावळा, टक्कल पडलेला, अर्ध्या चड्डीतला.

"लो बहिनी, सब भीग जाता," तो म्हणाला.

हिंदी! तीन आठवड्यांत घराबाहेरच्या माणसाचा कळणारा पहिला शब्द. त्याचं नाव प्रेमदास. आजे-पणजे कधीकाळी फिजी बेटावर ऊस तोडायला नेलेले, हा स्वतः इथे बावीस वर्षं सिटीबस चालवून निवृत्त झालेला. रुख्मिणीबाईने भीतभीत विचारलं, तिची आणि त्याची हिंदी अर्धी-अर्धी जुळत गेली.

"भैया, यहाँ बस में लुगडा नहीं चलता ना?"

"कौन बोला? हमारी अम्मा मरते दम तक साड़ी में घूमी. हमारी ही बस में."

"और जोर से बोलने का फाइन?"

प्रेमदास एवढा हसला की त्याला खांबाला धरावं लागलं. रुख्मिणीबाई हसली नाही. तिच्या कानशिलाची शीर उडायला लागली.

दुसऱ्या दिवशी घरात कुणी नसताना तिने पेटीतून हिरवं लुगडं काढलं, नेसली, केसांना चपचपीत तेल लावलं आणि बसमध्ये चढली. ड्रायव्हरने मान लवून गुड मॉर्निंग केलं. गावात समुद्राच्या कडेने लांबच लांब फरसबंदी होती. ओहोटीमुळे समोर नुसता चिखल, त्यात लांब चोचीचे पक्षी. लोक पोहत होते ते काठावर बांधलेल्या मोठ्या हौदात. अंगावर चिंधीएवढे कपडे घातलेल्या बाया तिच्याजवळून जात होत्या आणि तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नव्हतं. एका म्हातारीने तेवढं लुगड्याचा काठ पाहून अंगठा दाखवला.

कुणीतरी थोबाडीत मारली असती तर बरं, असं तिला झालं. या जावयाने आपल्याला फसवलं. आपली लाज वाटते म्हणून कायद्याचं नाव सांगून कोंडलं. बाकावर बसून तिने बावीसच्या बावीस सूचना मनातल्या मनात फाडून टाकल्या. लुगड्याचं खोटं, तेलाचं खोटं, शेजाऱ्याचं खोटं. मग समुद्राचं तरी कशाला खरं असेल? सासू किनाऱ्यावर लुगड्यात दिसू नये, एवढाच डाव!

चारच दिवसांनी महाशिवरात्र होती. दर शिवरात्रीला ती पवनारला धाम नदीवर अंघोळ करून येई. एकही वर्ष चुकलं नव्हतं, नवरा गेला त्या वर्षीसुद्धा. सकाळी सपना आणि धर्मेंद्र कामावर गेल्यावर तिने तांब्या घेतला आणि प्रेमदासने सांगून ठेवलेली किनाऱ्याची बस पकडली. आपण कशासाठी चाललो आहोत ते मात्र तिने प्रेमदासला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर पुढचं टळलं असतं.

किनारा सुंदर होता. एका बाजूला पाण्यात जाळी बांधलेली, तिथे चार माणसं पोहत होती. त्यांच्यात कशाला जायचं, म्हणून ती दूर गेली. वाटेत पिवळी पाटी होती, माणसाचं चित्र आणि त्याला गुंडाळलेल्या दोऱ्या. शेजारी खांबाला एक बाटली अडकवलेली.

"हे बी खोटं," ती मोठ्याने म्हणाली आणि पाण्यात शिरली.

पाणी कोमट होतं. गुडघ्यापर्यंत गेली, सूर्याला हात जोडले, वाकून तांब्या भरला. आणि घोट्यावर कुणी तापलेली सळई गुंडाळावी तसं झालं. देवळीत तिला दोनदा विंचू चावला होता. हे त्याच्या दहापट. तांब्या सुटला. ती ओरडली, आणि तिचं ओरडणं म्हणजे चौदा वर्षं चक्कीवर तापलेलं. जाळीजवळचा लाल-पिवळ्या टोपीतला जीवरक्षक तिथून धावत सुटला.

त्याने तिला वाळूवर ओढलं आणि खांबावर त्यासाठीच ठेवलेल्या बाटलीतलं व्हिनेगर घोट्यावर भडाभडा ओतलं. मग तो तिच्या पायांकडे पाहत राहिला. लुगडं पोटरीपर्यंत घट्ट आवळलेलं होतं. जेलीफिशचे धागे ओल्या कापडावर चिकटून लोंबत होते, कातडीला लागले होते ते फक्त घोट्यावर, तीन बोटं जागेत.

दवाखान्यात धर्मेंद्र हॉटेलच्या कोटातच धावत आला. डॉक्टरीण जे बोलली ते त्याने पांढऱ्याफटक चेहऱ्याने सांगितलं. पाय उघडे असते तर बाई कदाचित किनाऱ्यावरच संपली असती. इथली माणसं या दिवसांत पाण्यात जाताना अंगभर तंग कपडा घालतात, तेच काम लुगड्याने केलं.

घरी आल्यावर, सपना धापा टाकत पोचल्यावर, रुख्मिणीबाईने तोंड उघडलं.

"जवाईबापू, बसा. तुमचं मीठ खाल्लं म्हनून गप्प नाई राहनार. सासूची लाज वाटते तं बोलवाचं नाई. मी काय गळ्यात पडली होती? लुगड्याले मनाई! तेलाची तक्रार! तुमी गव्हात खडे मिसळवले. खडा दाताखाली आला का मानूस पूर्न पीठ फेकते. मी बी फेकलं. जेलीफिशचं खरं होतं, थे बी फेकलं. आज मी मेली असती तं तुमच्या खोट्यानं मेली असती!"

खाली प्रेमदासच्या घरापर्यंत आवाज गेला असणार. धर्मेंद्र खाली मान घालून बसला होता. त्याने एकदा सपनाकडे पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली.

"त्यायले नोको बोलू आई," सपना भिंतीला टेकून म्हणाली. "त्यायनं नाई लिहिलं. त्यायच्या मेलवरून मीच लिहिलं."

रुख्मिणीबाई तिच्याकडे वळली.

"काऊन?"

"मी नवीन आली तवा दुकानात लोकं माह्या बोलन्यावर हसत. पाच वर्सं लागले आई, कोनाच्या नजरेत न येता राह्याले. तू आली का साऱ्यायले दिसशीन असं वाटलं." सपना रडायला लागली. "मले वाटलं, कायदा म्हनलं तं तुले दुख होनार नाई."

जावयावरचा राग सोपा होता. तो परक्याचा मुलगा. हा राग कुठे ठेवायचा ते रुख्मिणीबाईला कळेना. पिठाने पांढऱ्या झालेल्या हातांनी वर्ध्याच्या बसमध्ये बसवून दिलेली ही पोरगी. त्याच हातांची तिला लाज!

"लाज वाटली तं वाटली," ती शेवटी म्हणाली, आणि पहिल्यांदाच आवाज न चढवता. "तोंडावर म्हनाचं होतं. भांडली असती मी, दोन दिवस जेवली नसती. पन खरं तं माहीत राह्यलं असतं."

मग ती उठली, लंगडत स्वयंपाकघरात गेली आणि कणीक मळायला घेतली. पोटुशीला उपाशी कसं ठेवणार?

त्यानंतर बाळंतपण होईपर्यंत मायलेकीत कामापुरतं बोलणं. नात झाली, अंकिता. रुख्मिणीबाईने तिला तेल लावून अंघोळी घातल्या, लेकीचं अंग शेकलं, आणि सगळं लुगड्यातच केलं. रोज संध्याकाळी ती नातीला खांद्यावर घेऊन रस्त्यावर फिरे आणि प्रेमदासच्या बायकोशी गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात गप्पा मारी. सपना खिडकीतून पाही, पण आत ये म्हणाली नाही. धर्मेंद्र मात्र एका रविवारी स्वतःहून सासूला घेऊन हॉटेलात गेला आणि साहेबासमोर उभा राहून म्हणाला, "ही माझी आई." रुख्मिणीबाईने नंतर त्याला विचारलं, "त्या दिवसी मले शिव्या देऊ देल्या, बोलले काऊन नाई?" तो म्हणाला, "आई, मी वाचलं होतं ते. थांबवलं नाई. मंग अर्ध्या शिव्या माह्याच होत्या ना."

जूनमध्ये ती देवळीला परतली. पुढच्या वर्षी सिंदीहून आनंदाबाई नावाची बाई पत्ता विचारत चक्कीवर आली. तिच्या मुलाला तिकडेच नोकरी लागली होती आणि ती महिनाभर जाणार होती. रुख्मिणीबाईने मोटर बंद केली. असं ती कुणासाठी करत नसे.

"जाचं तं जून ते सप्टेंबर जा, पाऊस नाई राहत. खाचं जे न्यायचं थे फॉर्मवर लिवा, लपवू नोका. आयतवारी बस कमी राहते. समुद्रात जाळीच्या आतच जा, आन पाटी पाह्यली का थांबा. मगरीची पाटी असन तं पान्याजवळ बी जाऊ नोका, थे खरी हाये. दुपारी टोपी."

"आन कपडे वं? पोरगा म्हनते पॅन्ट घाल..."

"कोन म्हनते?" रुख्मिणीबाईचा आवाज चढला. रांगेतले सगळे मागे सरले. "त्याले म्हना, लाज वाटते का ते आधी सांग. मंग पॅन्ट घालाची का नाई थे पाहू!"

दोन हजार सातच्या मार्चमध्ये सपनाचा फोन आला. दर रविवारी येई, पण त्या दिवशी ती बराच वेळ अडखळत राहिली.

"आई, अजून राग हाये का?"

"हाये."

"मंग आमी देवळीले येऊ का नोको?"

"येजो ना. राग माह्या जागी, तू तुह्या जागी. पन मे महिन्यात येऊ नोको, सत्तेचाळीस डिग्री राहते, लेकरू करपन. दिवाळी झाल्यावर येजो. उकळलेलंच पानी देजो तिले, इथचं नळाचं चालनार नाई. आन नागपूरहून रात्रीची गाडी पकडू नोको, सकाळचीच पकडजो."

सपना पलीकडे कागदावर लिहून घेत होती.